चिकाचा पहारा

धुरपतामावशी नव्या कोकराचं तोंड बघत नसे, तोंडात बोट घालत असे. मेंढी व्याली की पदर खोचून ही हजर. ओल्या कोकराच्या जबड्यात करंगळी सरकवायची, मान तिरकी करून थांबायची आणि निकाल द्यायची, "ऊन हाय. प्यालंय." नाहीतर, "गार हाय. आणा इकडं." गार निघालं की मेंढीचा चीक, ते पहिलं पिवळट घट्ट दूध, पिळून घ्यायची, चिंधीच्या बोळ्यानं कोकराच्या घशात उतरवायची आणि त्यानं शेपूट हलवेपर्यंत जागची उठायची नाही.

आमचं रान चारठाण्याच्या शिवारात, जुन्या देवळामागं. तिचं छप्पर आणि मेंढवाडा आमच्या बांधाला लागूनच. मी तेव्हा नवी सून होते. मावशी तोंडाची भारी फटकळ. एकदा सासूबाईंनी खरवसासाठी तिच्या शेळीचा चीक मागायला मला धाडलं, तर म्हणाली, "तुज्या सासूला इचार, करडाच्या तोंडचं काढून घशाखाली उतरंल का? त्याचं पोट भरून उरला तर आणून देते." तो कधी उरला नाही. सासूबाई कितीतरी दिवस फुगून बसल्या, आणि मला मेलीला हसू आवरेना.

एका साली मेंढरांत देवीची साथ आली. दूध सुटलेली थोराड कोकरं पटापट गेली. पण ज्या मेंढ्यांना मागं देवी येऊन गेल्या होत्या, त्यांची अंगावर पिणारी पिल्लं मात्र टुणटुणीत. मी नवल केलं तर मावशी म्हणाली, "आई चिकातून पहारेकरी धाडती गं. पर त्यो पहारा जलमभर पुरत न्हाई. दूध सुटलं की ज्याचं त्यानं बघायचं."

तिची स्वतःची चार लेकरं बाळंतिणीच्या खोलीतच गेली होती. पाचवी सारजा तेवढी जगली. कुणी विचारलंच तर मावशी म्हणे, "देवाला आवडली," आणि उठून मेंढरांकडं जाई.

सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तूप घेऊन गेले, तर बाहेर मावशी एका मरतुकड्या कोकराला चीक पाजत बसलेली. कोकरानं शेपूट हलवलं तशी ती उठली आणि चिकाचे हात तसेच घेऊन माझ्यासोबत आत आली. आत सुईण सारजाचं पहिलं दूध राखेत पिळून टाकत होती. आमच्याकडची रीतच होती तशी. बाईचं ते दूध खराब, म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत बाळाला गुळाचं पाणी. बाळ गोधडीवर मलूल पडलं होतं, रडतही नव्हतं. मावशी वाकली आणि सवयीनं तिची करंगळी त्याच्या तोंडात गेली.

तिनं मान तिरकी केली. मग म्हणाली, "गार हाय."

सुईणीला काही उमगलं नाही. मावशीनं बाळ उचललं आणि सारजाच्या छातीशी धरलं.

"अगं, काय करायलीस? कच्चं दूध हाय ते, बाधंल!" सुईण ओरडली. "आपल्यात कुणी पाजलंय का कधी?"

"न्हाई पाजलं," मावशी म्हणाली. "चौघांनाबी न्हाई पाजलं. सारजा मेंढरामागं रानात झाली. तितं सुईण नव्हती."

एवढं बोलून ती राखेपाशी मटकन खाली बसली. बाळ चुटूचुटू प्यायला लागलं होतं. सारजा हसत होती, आणि मावशी राखेतल्या त्या ओल्या डागाकडं बघत होती. मला तिच्याकडं बघवेना.

पोर जगलं, चांगलं बाळसं धरलं. गावात सरकारी देवी काढणारा, दंडावर लस टोचणारा, आला तेव्हा बायकांनी लेकरं कणग्यांमागं लपवली, आणि ही नातवाला घेऊन त्याच्यापुढं उभी. तो म्हणाला, "अम्मा, अबी बहुत छोटा है, जरा सबर करो." चडफडत परतली. पुन्हा आला तेव्हा पहिला दंड तिच्या नातवाचा. "आईचा पहारा उठला आता. ह्याचा सोताचा बसवा," असं त्याला बजावून सांगितलं.

लोक म्हणत, म्हातारीनं नातू राखला, आता सुखात राहील. कसलं सुख! त्या दिवसानंतर तिचा फटकळपणा गेला. चीक मागायला कुणी आलं तर नुसती नाही म्हणून मान हलवायची. नातू मांडीवर खेळायचा आणि हिचे डोळे भलतीकडंच लागलेले असायचे. त्याच्या प्रत्येक हसण्यागणिक तिला ती चौघं आठवत असणार.

शेवटच्या आजारात ती सारजाकडं गेली नाही, मेंढवाड्यातच पडून राहिली. मी कपाळावर हात ठेवला तर तो तिनं धरून ठेवला.

"इतक्या कोकरांच्या तोंडात बोट घातलं गं," ती म्हणाली. "पोटच्यांच्या न्हाई घातलं. गार असतील का गं तोंडं त्यांची?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "ऊन असतील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. खोटं तिला लगेच कळायचं. पण त्या दिवशी तिनं ते ठेवून घेतलं.