भटूचं हसू

त्या हिवाळ्यात माझी ड्यूटी साडेसतरा हजार फुटांवरच्या एका ऑब्झर्वेशन पोस्टवर होती. फायबरची एक खोली, केरोसीनचा स्टोव्ह, रेडिओ सेट, एक ऑक्सिजन सिलिंडर आणि आम्ही तिघं. मी हवालदार, पोस्ट कमांडर. रेडिओवर शिपाई बिष्ट, गढवालचा. तिसरा लान्स नायक भटू, धुळे तालुक्यातला. मी एरंडोलचा, म्हणजे भटू माझ्या मुलखातला. परेडवर तो मला उस्ताद म्हणायचा, एरवी आमच्या अहिराणीत नाना.

तिथे बाहेर माणसाचं तोंड दिसतच नाही. गॉगल, कानटोपी, नाकावर कापड. दोन तास कुणासोबत चाला, तो रडतोय की शिव्या देतोय, पत्ता लागत नाही. म्हणून नियम होता. रोज सकाळी ०६३० ला आत सगळं काढायचं आणि कमांडरने प्रत्येकाचा चेहरा नीट बघायचा. ओठ निळे पडलेत का, डोळे सुजलेत का, बोलताना जीभ अडखळते का. त्या उंचीवर छातीत पाणी भरतं. माणसाला वेळेत खाली नेलं तर तो दोन दिवसांत उठून चहा मागतो. नाही नेलं तर संपला.

हे काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. तोंडावरून माणूस ओळखण्याची मला घमेंडच होती. सुट्टीवर आलो की धुळ्याच्या स्टँडवर उभा राहून बायकोला सांगायचो, हा बघ, याची चाळीसगावची गाडी चुकली. ती बघ, माहेराहून निघालीय. बायको म्हणायची, "आणि मी सकाळपासून तापाने फणफणतेय, ते दिसलं का?" ते मात्र दिसलेलं नसायचं.

तीन दिवस वादळ चाललं. चौथ्या दिवशी उघडीप झाली. १०५० ला खालच्या पोस्टचा कॉल आला.

"मौसम दो घंटे साफ है. कोई बीमार? पेट्रोल भेजें? ओव्हर."

पेट्रोल म्हणजे गस्तीची तुकडी, आजारी माणसाला खाली न्यायला येणारी. भटू सकाळपासून खोकत होता. नाश्ता त्याने अर्धा टाकला होता. बिष्टने सेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, इसको नीचे भेज दो. कल से बूट बांधने में टाइम लगा रहा है."

मी भटूला समोर बसवलं. "काय रे, कसं वाटतंय?"

तो हसला. सगळे दात दिसतील असा. "मज्या शे नाना. बठ्ठं बेस शे. थोडा खोकला शे, त्याले काय!"

"खरं सांग."

"खरंच सांगी ऱ्हायनू नाना."

आणि पुन्हा हसला. ओठ मला ठीक वाटले. बिष्टकडे वळून मी म्हणालो, "हमारे खानदेश के चेहरे मुझे मत सिखा." मग सेट हातात घेतला. "सब ठीक. पेट्रोल की जरूरत नहीं. ओव्हर."

बिष्टच्या तोंडावर सरळ राग होता. तो मला बरोबर वाचता आला!

१३१५ ला ढग परत आले. १६०० ला वरच्या उतारावरचं बर्फ सरकलं आणि दारासकट अर्धी खोली गाडली गेली. दार आतून ढकललं, खांदा लावला, फावड्याचा दांडा घातला. हललं नाही. बाहेरची हवा येत होती ती एका पाइपातून, आणि तो पाइप आळीपाळीने मोकळा करत राहायचं एवढंच आमच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटूच्या थुंकीत लालसर फेस आला. ऑक्सिजन लावला. तो ११०० पर्यंत पुरला.

"चॉपर भेजो. ओव्हर."

"निगेटिव्ह. मौसम बंद. ओव्हर."

"पेट्रोल?"

"निकला है. कमर तक बर्फ है. टाइम लगेगा. ओव्हर."

खोली दहा बाय आठ. कुठेही वळलं तरी त्याचा चेहरा समोर. नजर चुकवून जाणार कुठे? तेव्हा मी तो पहिल्यांदा धड पाहिला. तोंड हसत होतं. पण नाकपुड्या फुलत होत्या, त्या थंडीत कपाळावर घाम होता, आणि डोळे दारावरून हलत नव्हते. हे सगळं कालही थोडंफार असणारच. मी दात बघत बसलो होतो.

"काल का नाही सांगितलंस रे?"

त्याला एकेक शब्द जड जात होता. "तुमनासमोर कसं कन्हू, नाना?"

आमच्याकडे घरातल्या मोठ्या माणसासमोर धाकट्याने कण्हायचं नसतं. विचारलं की मजेत आहे म्हणायचं आणि हसायचं. मीही माझ्या आबांसमोर तेच केलं. दुसऱ्या कुठल्या प्रांतातला हवालदार असता तर भटूने सरळ सांगितलं असतं, साहब, सांस नहीं आ रही. मी त्याचा नाना झालो, इथेच घात झाला.

१५४० ला लान्स नायक भटू गेला. बिष्टने त्याची कानटोपी ओढून चेहरा झाकला. पेट्रोलला बर्फ फोडून पोचायला आणखी दोन दिवस लागले. तोवर आम्ही तिघंही त्याच खोलीत होतो. बिष्ट पाइप मोकळा करत राहिला, माझी पाळी आली तरी.

रजा मिळाल्यावर मी भटूच्या गावी गेलो. एसटीत बसून वाक्यं जुळवत होतो. आईला काय सांगायचं, काय नाही. घरी ती एकटीच होती. तिने चहा ठेवला, समोर बसली आणि विचारलं, "भाऊ, शेवटला कसा व्हता मना भटू?"

हेच वाक्य मी जुळवून आणलं होतं. "हसत होता अक्का. शेवटपर्यंत हसतच होता."

मला वाटलं, तिला तेवढाच आधार. तिचा चेहरा एकदम उतरला.

"हासत व्हता?" ती म्हणाली. "म्हनजे भलतंच दुखी ऱ्हायंतं त्याले. लहानपने विंचू चावना, तवय बी तो हासतच घर वना." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिने किती वाचलं, कोण जाणे. "तुमले नही समजनं का, भाऊ?"

"नाही समजलं अक्का," मी म्हणालो. "खालून विचारलं होतं, कुणाला न्यायला येऊ का म्हणून. मी नको म्हणालो."