मुका फोन

मामा पडद्यामागून नाटक सांभाळतात. दिवे, दारं, आवाज सगळं त्यांच्या इशाऱ्यावर चालतं. काही चुकलं की बोलणीही तेच खातात. बायको म्हणते, "त्यापेक्षा माझ्या भावाच्या दुकानात बसा."

काल रंगमंचावरच्या फोनची घंटा वाजवायच्या बटणावर बोट ठेवून मामा मनाशी घोकत होते, आज दिग्दर्शकाला सांगूनच टाकायचं. त्या नादात बटण दाबायचं राहिलं. नायकाने वाट पाहून मुका फोन उचलला. "हॅलो? मामा ना? झोपलेत."

मामांनी दचकून बटण दाबलं. नायकाच्या हातातला फोन खणखणला.

"उठले वाटतं," नायक म्हणाला. हशा थांबेना.

घरी बायकोने विचारलं, "सांगितलंत का, सोडतो म्हणून?"

"कसलं सोडतोय! ती चूक दिग्दर्शकाने नाटकात ठेवलीय. आता रोज वेळेवर चुकायचं."