रजेची पैज

बोलता बोलता त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशावर जायचा. खिशात एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र असायचं. ते जागेवर आहे एवढं चाचपून झालं की हात खाली यायचा, त्याबरोबर आवाजही खाली यायचा, आणि ते म्हणायचे, "नको हो ताई. व्हिसा जाईल."

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. हे आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर. शारजा औद्योगिक क्षेत्रात आमचं वर्कशॉप आहे. स्पर्धा आणि समारंभांसाठी प्रेक्षकांना बसायचे तात्पुरते स्टँड आणि तंबू उभारायचे, हा आमचा धंदा. मी डिझाइनला, ते स्टोअरला. नट-बोल्ट मोजण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण बाहेरच्या जगाचा त्यांनी असा काही धसका घेतला होता की विचारू नका. व्हॉट्सअॅपवर आलेला विनोद ते पुढे पाठवायचे नाहीत, व्हिसा जाईल. सिग्नल हिरवा झाला तरी शेजारचा माणूस रस्त्यावर उतरेपर्यंत ते फुटपाथ सोडायचे नाहीत.

माझी मुलगी इथेच वाढलेली. एकदा ती त्यांना म्हणाली, "अंकल, रिलॅक्स! नोबडी इज वॉचिंग."

"तसं वाटतं ना, तेव्हाच बघत असतात, बेटा," ते गंभीरपणे म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. आमची ही चेष्टा त्यांना लागत असेल का, असा विचार तेव्हा मनात आला नाही.

तर या माणसाने पैज लावली. तीही गोल्फवर.

झालं असं की त्या वर्षी गणपती आणि ओणम एकाच आठवड्यात आले. स्टोअरमध्ये माणसं दोन, हे आणि केरळचा बिजू. दोघं एकदम गेले तर माल कोण देणार? वर्षभराच्या रजा आमच्याकडे जानेवारीतच ठरतात. दोघांचे अर्ज बघून मॅनेजर वैतागला. "हबीबी, एक जाईल, एक थांबेल. आपसात ठरवा. खलास!"

बिजूच्या धाकट्या बहिणीचं लग्न ओणमच्या आठवड्यात ठरलं होतं. आणि यांचं कारण त्यांनी मला चहाच्या मशीनपाशी सांगितलं, खिसा चाचपत. सावंतवाडीजवळच्या गावात त्यांचे वडील. वर्षभरात हळूहळू सगळं विसरले होते. धाकट्या मुलाला, सुनेला, कुणालाच ओळखत नव्हते. पण गेल्या गणपतीत घर माणसांनी भरलं, आरती सुरू झाली, आणि अप्पांनी एकेकाला नावानं हाक मारायला सुरुवात केली. पाच दिवस डोकं अगदी ठिकाणावर होतं. रोज विचारत होते, "मोठा कुठाय?" गणपती गेले आणि पुन्हा सगळं पुसलं गेलं.

"म्हणून मला तेच दिवस पाहिजेत, ताई. मे महिन्यात जाऊन काय करू? पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं?"

मी म्हटलं, बिजूला हे सांगा. "त्याच्या बहिणीचं लग्न आहे हो. सांगितलं तर तो लग्न सोडेल. तसा आहे तो. मग मी काय तोंड दाखवू?"

त्याच सुमारास अबुधाबीला व्यावसायिक गोल्फची एक मोठी स्पर्धा होती आणि तिथले स्टँड आमचे होते. उभारणीला दोघंही तिथेच. बिजू म्हणाला, "दादा, चिठ्ठी-विठ्ठी छोडो. एक प्लेयर तेरा, एक मेरा. जो आगे रहेगा, वो छुट्टी लेगा."

यांना घाम फुटला. संध्याकाळी मला फोन. "ताई, पैसे नाहीत यात. फक्त रजा. तरी तो जुगार होतो का हो?"

"नेटवर बघा."

"बघतो कसा? जुगार शब्द टाकला की नोंद राहते."

तरी ते हो म्हणाले, यावरून त्यांना ती रजा किती हवी होती ते समजा. बिजूने एक नावाजलेला खेळाडू घेतला. यांनी निवडला एक उंच, हडकुळा तरुण, ज्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. सरावाच्या दिवशी तो स्टँडखालून जाताना त्यांनी पाहिला होता. "सारखा खिसा चाचपत होता. आपल्यातला वाटला."

गोल्फ त्यांना ओ की ठो कळत नव्हता. पहिल्या दिवशी फलकावर आपल्या माणसासमोर वजा तीन बघून ते जेवलेच नाहीत. स्टोअरच्या माणसाला वजा म्हणजे माल कमी पडला. जितके फटके कमी तितका खेळाडू पुढे, हे बिजूने समजावलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मग तर रोज संध्याकाळी मला आकडे. त्यांचा हडकुळा खरंच छान खेळत होता.

शेवटचा दिवस रविवार. मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन बघायला गेले. हे शेवटच्या होलपाशी, स्टँडच्या वरच्या पायरीपाशी ड्यूटीवर होते. चेहरा उतरलेला. मी कॉफी पुढे केली तर "चाळीस दिरहम? म्हणजे हजार रुपये झाले की हो, कॉफीचे!" हेही त्यांनी सवयीनेच म्हटलं. कप तसाच हातात राहिला.

"ताई, काल मॅनेजर आला होता. म्हणाला, यल्ला, तू सीनियर, तुझी रजा मंजूर. बिजूला सांगून टाक."

"मग? सांगितलंत?"

"नाही."

"मग आता ही पैज कशाला?"

"जिंकलो तर सांगावंच लागणार नाही ना," ते म्हणाले. "पैजेत मिळाली म्हणून जाईन. त्याला वाईट वाटणार नाही, मलाही वाटणार नाही. फक्त हा जिंकायला पाहिजे."

मला हसावं की चिडावं कळेना. रजा हातात असलेला माणूस ती मिळावी म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

बिजूचा खेळाडू खेळून मोकळा झाला होता. यांचा एका फटक्याने पुढे होता आणि हा शेवटचाच होल. त्याचा चेंडू आमच्या स्टँडखालच्या उंच गवतात येऊन थांबला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. सगळं मैदान गप्प. तो वाकला, काठी चेंडूमागे टेकवली, आणि चेंडू जरासा कलंडला. एवढासाच. कॅमेरे पलीकडच्या बाजूला होते. प्रेक्षकांत हूं की चूं नाही. मलाही दिसलं ते केवळ वरून पाहत होते म्हणून.

यांनी माझ्या दंडाला घट्ट धरलं. "कुणी पाहिलं नाही," ते पुटपुटले. "कुणीच नाही."

त्या पोराने आजूबाजूला पाहिलं. मग काठी खाली ठेवली आणि हात वर करून पंचाला बोलावलं. बोटाने चेंडू दाखवला. एका फटक्याचा दंड लागला. दोघं बरोबरीत आले. पुढे हिरवळीवर त्याचा सोपा फटका चुकला, आणि यांची पैज एका फटक्याने गेली.

या माणसाला रागावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "अहो, गप्प बसायचं ना! कोण विचारत होतं त्याला? घाबरट लेकाचा! घाबरट माणसावर पैज लावायलाच नको होती!" कॉफी शर्टावर सांडली तरी भान नाही. पुढच्या रांगेतली गोरी बाई वळून बघायला लागली आणि पहिल्यांदाच त्यांना त्याची फिकीर नव्हती.

मीही माणूसच. मला त्यांचे अप्पा दिसत होते. मी म्हटलं, "हे बघा, रजा मंजूर आहे. बिजूला सांगा, मॅनेजरने ठरवलं. खोटं तर नाही ते."

त्यांनी खालच्या गवताकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही हो ताई. घाबरट नव्हता तो." आणि जिना उतरून गेले. खाली बिजू दोर गुंडाळत होता. त्याच्या पाठीवर हात ठेवून हे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण बिजूने त्यांना कडकडून मिठी मारलेली दिसली.

सोमवारी त्यांनी मॅनेजरकडून रजा बदलून घेतली. मॅनेजर ओरडला. हे उभे राहून एवढंच म्हणाले, "आपस में तय हो गया, सर." आधी मंजुरी झाली होती हे बिजूला आजतागायत माहीत नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि भयंकर रागही आला. अजूनही दोन्ही वाटतं.

गणपतीच्या दिवशी ते स्टोअरमध्ये एकटे होते. मी घरचे मोदक घेऊन गेले तेव्हा फोन चालू होता, पलीकडे टाळ आणि आरती. मग धाकट्या भावाने फोन वडिलांच्या कानाला लावला.

"मोठ्या, कुठे आहेस रे?" आवाज अगदी खणखणीत.

हे उभे राहिले. "निघालोय, अप्पा. वाटेत आहे. ट्राफिक फार आहे शारजाला."

"असू दे. सावकाश ये. घाई करू नको."

फोन ठेवल्यावर ते मोदकाचा डबा उघडून तसेच उभे राहिले.

बिजू लग्न उरकून परतला आणि दुसऱ्याच दिवशी हे गेले. रजा महिन्याची होती, पण ते परत आलेच नाहीत. राजीनामा गावाहूनच आला. स्टोअरला आता एक चटपटीत मुलगा आहे. सामान पटकन देतो, खिसा चाचपत नाही.

मध्यंतरी मी त्यांना फोन केला. अप्पा कसे आहेत विचारलं. म्हणाले, "जेवतात माझ्या हातून. बरं चाललंय. आलो त्या दिवशी मला बसायला खुर्ची दिली त्यांनी. विचारलं, पाहुणे कुठले? मी म्हटलं, शारजाहून आलो. तर म्हणाले, माझा मोठा मुलगा तिथेच असतो, ओळखता का त्याला?"

"मग?"

"ओळखतो म्हटलं. निघालाय तो, म्हटलं."