वन्संच्या गाडीचे ब्रेक

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईच्या हातात ब्रेक दिले तर काय होतं, ते मला विचारा. माझ्या नणंदबाई तीस वर्षं तेच काम करतात. जे हलतं त्याला तेल, एवढंच त्यांचं शास्त्र.

वन्संचे यजमान गेले तेव्हापासून त्यांची क्वाड बाईक, म्हणजे ती मोटारसायकलचं हँडल असलेली चार जाड चाकांची गाडी, पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. सीटवर कोंबड्या अंडी घालत. टेकडीवर यजमानांच्या मधमाश्यांच्या अकरा पेट्या. वन्संचे गुडघे आता चढ चढेनात, म्हणून मन मारून त्यांनीच पेट्या विकायला गिऱ्हाईक बोलावलं. ते रविवारी येणार होतं. सोमवारी मात्र त्या शेडमध्ये शिरल्या. "ही चालू झाली तर पेट्या कुठं जात नाहीत," म्हणाल्या. इंजिन दोन दिवसांत फुरफुरलं. राहिले ब्रेक.

आता खरं दुखणं सांगते. "गुडघे बघ आधी, मग माश्या पाळ," असं आमचे हे एकदा चार लोकांत बोलले, तेव्हापासून बहीणभावांत अबोला. दोन वर्षं! अंगण एक, दारं समोरासमोर, आणि निरोप्या मी. "तिला सांग", "त्याला सांग" ऐकून माझे कान किटले.

वन्संनी स्वयंपाकघराच्या टेबलावर ब्रेक खोलले. जुन्या ब्रेक ऑइलचा काळा चिखल झालेला. गंजून अडकलेले पिस्टन त्यांनी काढले, घासले, नवी रबरं बसवली. आणि शेवटी, सवयीनं, चाक पकडणाऱ्या पॅडांवर मशीनचं तेल सोडलं, दोन-दोन थेंब! गाडी अंगणातून जी सुटली ती थेट आमच्या लाकडांच्या ढिगात. आमचे हे खिडकीतून बघत होते. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पोट धरधरून हसले.

"तिला सांग, ब्रेकनं चाक पकडायचं असतं, घसरवायचं नसतं!"

"त्याला सांग, दात दिसले."

नवे पॅड आले. पण हँडलवरची ब्रेकची लिव्हर दाबावी तर स्पंजासारखी. ऑइलच्या नळीत हवा शिरली होती. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली चाकापाशी स्क्रू सैल करून हवा सोडायची, परत आवळायचा, मगच पहिल्यानं हात काढायचा. मी दोनदा आधीच सोडली. हवा परत आत! शनिवारची दुपार झाली आणि वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"अहो, उठा! त्या पेट्या गेल्या तर तुमच्याही घशाखाली घास उतरायचा नाही, मला माहीत आहे."

हे आले. "हे बोलणं नाही, काम आहे," असं मला बजावून लिव्हर धरली.

"दाब."

"दाबली."

"धर."

"धरली."

"सोड."

तासभर तेवढंच. पण दोन वर्षांत तेवढंही कानावर पडलं नव्हतं हो! मला रडू फुटलं, म्हणून कांदा चिरायचं निमित्त करून आत गेले.

शेवटचा स्क्रू आवळून वन्सं हात धुवायला गेल्या आणि "सोड" म्हणायला विसरल्या. हे लिव्हर धरून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"अहो, सोडा की!"

"तिनं कुठं सांगितलंय?"

शेवटी कळ सोसेना. "ताई, हात गेला माझा! सोडू का?"

आतून आवाज आला, "सोड रे बाबा. एक हाक मारायला दोन वर्षं लागली!"

विसरल्या कसल्या डोंबल!

रविवारी गिऱ्हाईक फाटकाशी येऊन थांबलं. वन्सं टेकडीवरून गाडी घेऊन उतरू लागल्या, आणि आमचे हे उताराच्या पायथ्याशी, वाटेच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"बाजूला हो, वेड्या!"

"तू ब्रेक दाब!"

गाडी यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"घाबरलास ना?" वन्संचा आवाज कापत होता.

"छे! मी कशाला घाबरू?"

गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं. मी यांच्या पायांकडे पाहिलं, तर उजव्या बुटाचं टोक मातीत बोटभर रुतलेलं. आमचे हे बसचा ब्रेक दाबून उभे होते.