बाईच्या वाट्याची मोहफुलं

बाई गेली, हे मला कौसल्येनं सांगितलं. चंद्रपूरहून बाईचंच औषध घेऊन मी एसटीनं परत निघाले होते, तेव्हा तिचा फोन आला. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. नवरा गेल्यापासून मी पोंभुर्ण्याजवळच्या गावी तिच्याकडंच राहत होते. पाठची बहीण मी, आणि शेवटी हात धरायला कोण, तर कौसल्या... पुण्यानुमोदनाला सगळे माझं सांत्वन करत होते आणि मी तिच्या हातांकडं बघत होते.

कौसल्या ना नात्याची, ना गोत्याची. आमच्याकडं जंगलातली मोहाची झाडं घरागणिक ठरलेली असतात. एक झाड या दोघींच्या घरांत मिळून होतं, एवढंच. फुलं गळू लागली की दोघी पहाटे निघायच्या, बाईच्या एकाच टोपलीत वेचायच्या आणि घरी येऊन अर्धी अर्धी करायच्या. "तू पन चाल ना," बाई मला दरवर्षी म्हणायची. मी जायची नाही. परतताना त्यांचं हसू दारापर्यंत ऐकू यायचं आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

मग बाईच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसला तिला मी नेलं. डबा, पिशवी, खिडकीजवळची जागा, सगळं मी बघितलं. एक दिवस बाई डॉक्टरांना म्हणाली, आता बस झालं. डॉक्टर समजूतदार होते. पुढं काय होईल ते त्यांनी सावकाश सांगितलं आणि विचारलं, "उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर आम्ही कोणाला विचारायचं?" मी पदर सावरून पुढं सरकले.

"कौसल्येले विचारा," बाई म्हणाली.

घरी जाताना मी एसटीतच भांडले. "मी काय मेली होती? सख्खी बहीन आहो मी तुही!"

"म्हनूनच," ती म्हणाली. "तू मले जाऊ देनार नाई. तू तुह्या मनातलं सांगशीन. कौसल्या माह्या मनातलं सांगन."

आणि झालंही तसंच. बाईची शुद्ध हरपली तशी मी ॲम्ब्युलन्स बोलावली. कौसल्या दार अडवून उभी राहिली, डॉक्टरांशी फोनवर बोलली. "तिले घरीच राह्याचं हाये." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज हलला नाही. गाडी रिकामी परत गेली. मी तिला नाही नाही ते बोलले. दुसऱ्या दिवशी दुखणं कमी करायचं औषध आणायला मी चंद्रपूरला गेले... आणि तेवढ्यात बाई गेली.

आता पुन्हा फुलं गळताहेत. परवा कौसल्या पदरात फुलं बांधून दारात आली.

"बाईचा वाटा आनला. काय करू याचं? तूच सांग."

शेवटी कुणीतरी मला विचारलं होतं! पण मला तिलाच विचारावं लागलं, "बाई काय म्हनली असती?"

कौसल्येनं क्षणभरही विचार केला नाही.

"'तू पन चाल ना,' म्हनली असती."

अगदी बाईचाच सूर. माझा जळफळाट झाला, आणि मी रडले. उद्या पहाटे आम्ही दोघी निघणार आहोत. खुंटीवरची बाईची टोपली मात्र मी धरणार. कौसल्येला तिला हात लावू देणार नाही.