ताईच्या नावाची शिष्यवृत्ती

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ताई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्यांचं चष्म्याचं दुकान बंद ठेवून भागणार नव्हतं. "तू शीक, माझं नंतर बघू," असं धाकट्या भावाला सांगून ती भिंगं घासायला बसली, ती कायमचीच. भाऊ त्याच कॉलेजात शिकून रंगाच्या कारखान्यात केमिस्ट झाला. घासून घासून ताईच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली. कुणी हळहळलं तर म्हणायची, "अहो, अर्ध्या गावाला दिसतंय ते माझ्यामुळे!"

शेवटच्या आजारपणात मात्र तापाच्या ग्लानीत ती उठून बसली. "प्रॅक्टिकलला उशीर होतोय रे. माझा पांढरा कोट कुठे ठेवलास?"

"आणतो," भाऊ म्हणाला. चार दिवसांनी ती गेली.

निवृत्त झाल्यावर त्याने कॉलेजात तिच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली, शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी. पहिल्या वर्षी एकही अर्ज आला नाही.

"नोटीस लावली होती, साहेब," कारकून म्हणाला. "पण कॉलेज सुटलेली बाई नोटीस वाचायला इथे येणार कशी?"

त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग अर्जांचा गठ्ठा घेऊन तो दवाखाने, शिवणाचे कारखाने पालथे घालू लागला. काहीतरी विकायला आलाय समजून लोक दारातूनच वाटेला लावत. शेवटी एका लॉन्ड्रीत इस्त्री करणारी बाई भेटली. पस्तिशीची.

"या वयात? पोरं हसतील, काका."

"हसू देत. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत मी येतो सोबत."

ती कॉलेजात जाऊ लागली. पहिल्या सत्रात चांगली पास झाली, गुणपत्रिका दाखवायला घरी आली. आणि मग अचानक कॉलेजात यायचीच थांबली. तो चौकशीला गेला, तर सासूचं खुब्याचं हाड मोडलेलं.

"फी तुम्ही भरलीत, काका," ती म्हणाली. "पण म्हातारीला उचलायला कोण येणार?"

तो तसाच परतला. घरी मदतनीस ठेवायचा खर्चही शिष्यवृत्तीतून मिळावा, म्हणून त्याने कॉलेजात खेटे घातले. नियम बदलायला वर्ष गेलं. तोवर सासू काठीने चालू लागली होती आणि तिच्या दवाखान्याचं कर्ज फेडायला त्या बाईने लॉन्ड्रीत दुसरी पाळीही धरली होती.

"आता नको," ती इस्त्री न थांबवता म्हणाली. "पुस्तक उघडलं की डोळे मिटतात."

यंदा दोन अर्ज आलेत. ते बघायला तो कॉलेजात जातो. लॉन्ड्रीवरून जाणारा जवळचा रस्ता मात्र टाळतो.