पावसाची एन्ट्री

नाहूरच्या आमच्या सोसायटीने आवारातले पेव्हर ब्लॉक उखडून पावसाचं पाणी जिरवायला कर्दळीची खोलगट बाग केली आणि गच्चीचे पाइप तिच्यात सोडले, तेव्हा गेटवर एक मालवणी वॉचमन होता. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. तो मात्र रोज माझं विचारायचा. नोंदीशिवाय कुणाला आत सोडणं त्याला जमायचंच नाही. गच्चीचं पाणी बागेत उतरू लागलं की टोपी सारखी करून तो रजिस्टरमध्ये लिहायचा, ‘नाव: पाऊस. कुठून: गच्ची. कुणाकडे: कर्दळ.’

एकदा सेक्रेटरींनी ते पाहिलं. “वेड लागलंय का रे? आणि बाहेर जायची वेळ कुठाय?”

“भायर गेलोच नाय, सायबानू. हयच मुरलो.”

मालवणीत पाऊसही ‘मुरलो’च असतो, हे सेक्रेटरींना कुठून ठाऊक! ते खेकसले, “तू मुरलायस ते दिसतंय. मी पावसाचं विचारतोय!”

पुढच्याच आठवड्यात एजन्सीने त्याला कांदिवलीला हलवलं. मी मुद्दाम रजिस्टर उघडलं. शेवटची नोंद होती, ‘नाव: वॉचमन. कुठून: मालवण. कुणाकडे: कर्दळ.’

बाहेर जायची वेळ त्याने लिहिलीच नव्हती.